चेहरे मुलींचे, निर्णय कुणाचे? म्युझिक व्हिडीओतून अशी घडते ‘गर्ल ग्रुप’ची प्रतिमा

दक्षिण कोरियातील ‘ब्लॅकपिंक’ या चार मुलींच्या गटाचा ‘हाउ यू लाइक दॅट’ हा म्युझिक व्हिडीओ २६ जून २०२० रोजी यूट्यूबवर प्रसिद्ध झाला. पहिल्या २४ तासांत तो ८ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला आणि त्या वेळचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर नोंदला गेला. भारतातील चाहत्यांची नजर मात्र त्यातील एका दृश्यावर खिळली. गटातील लिसा एका सजवलेल्या सेटवर बसून रॅप करत असताना शेजारी जमिनीवर गणपतीची मूर्ती ठेवलेली दिसत होती. आराध्य दैवताचा शोभेच्या वस्तूसारखा वापर झाल्याबद्दल भारतीय चाहत्यांनी समाजमाध्यमांवर तीव्र नाराजी व्यक्त केली. काही दिवसांतच ‘वायजी एंटरटेनमेंट’ या कंपनीने त्या दृश्यातून मूर्ती हटवली. बाकीचा व्हिडीओ होता तसाच राहिला.

या प्रसंगात एक बाब सहज नजरेआड होते. सेटवर कोणती वस्तू ठेवायची, कोणता पोशाख द्यायचा, कॅमेरा कुणावर किती वेळ रोखायचा, हे निर्णय दिग्दर्शक, कलादिग्दर्शक, वेशभूषाकार आणि कंपनी यांच्या पातळीवर होत असतात. पडद्यावर दिसतो तो गायिकेचा चेहरा, आणि कौतुक असो वा रोष, तो त्या चेहऱ्याच्या वाट्याला येतो. गेल्या सहा दशकांतील प्रसिद्ध गर्ल ग्रुपचा इतिहास पाहिला, तर प्रतिमा घडवणारे आणि त्या प्रतिमेचे ओझे वाहणाऱ्या यांच्यातील हे अंतर वारंवार दिसते.

गाण्याइतकेच दिसणे महत्त्वाचे का?

भारतीय श्रोत्यांना आवाज आणि चेहरा वेगवेगळ्या व्यक्तींचे असण्याची सवय आहे. पार्श्वगायनाच्या परंपरेत गायिका ध्वनिमुद्रण कक्षात गाते आणि पडद्यावर अभिनेत्री ओठ हलवते. गायिकेची ओळख तिच्या सुरांतून तयार होते. तिने कोणता पोशाख केला आहे, याच्याशी गाण्याच्या लोकप्रियतेचा फारसा संबंध येत नाही.

पॉप संगीतातील गर्ल ग्रुपचे गणित वेगळे असते. चार-पाच अपरिचित मुली एकदम श्रोत्यांसमोर येतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात. केवळ आवाजावरून कोण कोणती हे नव्या श्रोत्याला उमगत नाही. ते काम व्हिडीओ करतो. एकीला लाल पोशाख, दुसरीला खेळाडूचा वेश, तिसरीला गंभीर मुद्रा अशी विभागणी होते आणि पहिल्याच पाहण्यात गटाची ओळख मनात ठसते. ही विभागणी जितकी ठळक, तितके नाव लक्षात राहणे सोपे. मात्र एकदा चिकटलेली ओळख त्या मुलीच्या वयाबरोबर बदलतेच असे नाही.

दूरचित्रवाणीने घातलेला पाया

म्युझिक व्हिडीओ हा शब्द रूढ होण्यापूर्वी ही भूमिका दूरचित्रवाणीने पार पाडली. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ‘मोटाउन’ या ध्वनिमुद्रण कंपनीने १९६० च्या दशकात कलाकार घडवण्यासाठी स्वतंत्र विभागच चालवला. कसे चालावे, कसे बसावे, मुलाखतीत कसे बोलावे याचे धडे मॅक्सिन पॉवेल देत असत, तर नृत्याच्या हालचाली चॉली अ‍ॅटकिन्स बसवत असत. डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड यांचा ‘द सुप्रीम्स’ हा गट या शाळेचे सर्वांत परिचित उदाहरण होय.

त्या काळात अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा ऐन भरात होता. अशा वेळी तीन कृष्णवर्णीय तरुणी झगमगत्या पोशाखात, संयत हालचालींसह देशभरातील घरांतील पडद्यावर दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. ‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ या १९६५ मधील गाण्यात वाहतूक पोलिसाप्रमाणे तळहात पुढे करण्याची त्यांची कृती आजही ओळखली जाते. त्या प्रतिमेत प्रतिष्ठा होती आणि शिस्तही होती. ती प्रतिष्ठा कोणत्या रूपात मांडायची, याचा आराखडा मात्र कंपनीने आखलेला होता.

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली आणि गाण्याच्या प्रसिद्धीसाठी व्हिडीओ जवळजवळ अनिवार्य ठरला. पूर्वी एखाद्या कार्यक्रमात एकदा दिसणारे रूप आता दिवसातून अनेकदा, हुबेहूब त्याच स्वरूपात दिसू लागले. प्रतिमा पक्की होण्यास ही पुनरावृत्तीच सर्वाधिक कारणीभूत ठरली.

‘स्पाइस गर्ल्स’ : पाच मुली, पाच साचे

ब्रिटनमधील ‘स्पाइस गर्ल्स’ हा गट १९९४ मध्ये वृत्तपत्रातील जाहिरातीद्वारे निवडलेल्या मुलींतून उभा राहिला. पुढे या मुलींनी आपल्या पहिल्या व्यवस्थापकांची साथ सोडून स्वतःचा मार्ग धरला. १९९६ मध्ये आलेल्या ‘वॉनाबी’ या त्यांच्या पहिल्या गाण्याच्या व्हिडीओचे दिग्दर्शन योहान कॅमिट्झ यांनी केले. लंडनमधील सेंट पँक्रस येथील जुन्या मिडलँड ग्रँड हॉटेलच्या इमारतीत, कडाक्याच्या थंडीत, रात्री त्याचे चित्रीकरण झाले. पाच मुली एका उच्चभ्रू मेजवानीत घुसतात, टेबलांवर चढतात, पाहुण्यांची थट्टा करतात आणि पळून जातात, एवढेच त्याचे कथानक. सलग एकाच दमात चित्रीकरण झाल्याचा भास व्हावा, अशी त्याची मांडणी होती.

त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीतील वरिष्ठांना हा व्हिडीओ पसंत पडला नव्हता. प्रकाशयोजना अंधारी असल्याची तक्रार होती. परंतु प्रेक्षकांच्या मागणीनुसार गाणी दाखवणाऱ्या ‘द बॉक्स’ या ब्रिटिश वाहिनीवर तो लोकप्रिय झाला आणि गाणे ब्रिटनमध्ये सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. कंपनीला खटकलेला अस्ताव्यस्तपणाच प्रेक्षकांना खरा वाटला. ‘गर्ल पॉवर’ या घोषणेला या व्हिडीओने चेहरा दिला.

या गटातील मुलींना ‘पॉश’, ‘बेबी’, ‘स्पोर्टी’, ‘जिंजर’ आणि ‘स्केरी’ ही टोपणनावे एका संगीत मासिकाने दिली. व्हिडीओंतील वेशभूषेने ती पक्की केली. त्यातही गटातील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य मेलनी ब्राउन यांच्या वाट्याला ‘भीतिदायक’ या अर्थाचे नाव यावे, यावर पुढील काळात बरीच टीका झाली. ‘वॉनाबी’च्या चित्रीकरणाच्या वेळी आपले कुरळे केस सरळ करण्यास सुचवण्यात आले होते आणि आपण त्यास नकार दिला, असे ब्राउन यांनी नंतर सांगितले आहे. आज तो व्हिडीओ पाहताना त्यांचे मोकळे, कुरळे केस हीच त्यांची ओळख वाटते. पडद्यावर नैसर्गिक भासणाऱ्या गोष्टीमागेही कधी कधी एका मुलीने दिलेला नकार असतो.

प्रतिमेचा खर्च कुणाच्या खात्यावर?

अमेरिकेतील ‘टीएलसी’ या तीन तरुणींच्या गटाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ सौंदर्यकल्पनांना छेद देणारे रूप स्वीकारले. सैल, भडक रंगांचे कपडे आणि सुरक्षित लैंगिक संबंधांचा संदेश देण्यासाठी त्या कपड्यांवर लावलेली निरोधची पाकिटे, अशी त्यांची सुरुवातीची वेशभूषा होती. १९९५ मध्ये एफ. गॅरी ग्रे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वॉटरफॉल्स’ या व्हिडीओत अमली पदार्थांचा व्यापार आणि एचआयव्ही संसर्ग यांच्या कथा होत्या. पाण्यातून घडलेल्या त्यांच्या पारदर्शी आकृती हे त्यातील सर्वाधिक लक्षात राहणारे दृश्य. या व्हिडीओला त्या वर्षीचा ‘एमटीव्ही’चा सर्वोत्कृष्ट व्हिडीओ हा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी, गाणी लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, या गटाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यांच्यावर सुमारे ३५ लाख डॉलरचे कर्ज होते. त्यामागे अन्य कारणेही होती. परंतु अल्बमच्या लाखो प्रती खपूनही कलाकारांच्या हाती फारसे काही का उरत नाही, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आणला.

त्याचे एक उत्तर करारांच्या रचनेत आहे. ध्वनिमुद्रण, प्रसिद्धी आणि व्हिडीओ यांचा खर्च कंपनी आधी करते. अनेक करारांनुसार तो खर्च पूर्णतः किंवा अंशतः कलाकारांच्या मानधनातून वळता करून घेतला जातो. म्हणजे व्हिडीओ जितका भव्य, तितका कलाकारावरील हिशेबाचा बोजा वाढण्याची शक्यता असते. प्रतिमा कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार मर्यादित आणि तिच्या खर्चातील वाटा मात्र नक्की, अशी ही स्थिती आहे.

आवाज जुन्यांचे, चेहरे नव्यांचे

प्रतिमेवर ताबा कुणाचा, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘डेस्टिनीज चाइल्ड’ या गटाचे आहे. बियॉन्से नोल्स, केली रोलंड, लटोया लकेट आणि लटाव्हिया रॉबरसन या चौघींचा हा अमेरिकी गट होता. गटाचे व्यवस्थापक बियॉन्सेचे वडील होते. १९९९ च्या अखेरीस लकेट आणि रॉबरसन यांनी स्वतंत्र व्यवस्थापक नेमण्याची इच्छा व्यक्त केली. त्यानंतर २००० च्या प्रारंभी ‘से माय नेम’ या गाण्याचा व्हिडीओ प्रसारित झाला. त्यात या दोघींच्या जागी मिशेल विल्यम्स आणि फराह फ्रँकलिन या दोन नव्या मुली होत्या. गटातून आपली गच्छंती झाल्याचे लकेट आणि रॉबरसन यांना हा व्हिडीओ पाहून कळले. हे प्रकरण पुढे न्यायालयात गेले आणि तडजोडीने मिटले.

ध्वनिमुद्रण मूळ चौघींनी केलेले असल्याने नव्या सदस्यांना जुन्या सदस्यांच्या आवाजावर ओठ हलवावे लागले. भारतीय चित्रपटांत पार्श्वगायनाचे श्रेय गायिकेला उघडपणे दिले जाते. येथे मात्र गटाची बदललेली ओळखच प्रेक्षकांसमोर अस्सल म्हणून ठेवण्यात आली. जोसेफ कान यांनी दिग्दर्शित केलेल्या या व्हिडीओत एकेका रंगात सजवलेल्या खोल्यांमध्ये चौघी दिसतात. दृश्यरचना इतकी नेटकी आहे की, प्रथमच पाहणाऱ्याला काही उणे असल्याची शंकाही येत नाही. व्हिडीओ एखाद्याला प्रकाशात आणतो, तसाच कुणाला नाहीसेही करू शकतो, हे या उदाहरणातून दिसले.

सोलमधील काटेकोर यंत्रणा

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बरेचसे प्रसंगानुरूप घडले, ते दक्षिण कोरियात पद्धतशीर उद्योग म्हणून विकसित झाले. तेथे मुली किशोरवयातच कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल होतात. प्रत्येक नव्या गाण्यासाठी एक ‘कन्सेप्ट’, म्हणजे मध्यवर्ती दृश्यकल्पना ठरवली जाते. केसांचे रंग, पोशाख, नेपथ्य, छायाचित्रे आणि नृत्यातील सहज अनुकरण करता येईल अशी एखादी ठळक हालचाल, हे सारे त्या कल्पनेनुसार आखले जाते. दृश्याच्या मध्यभागी उभी राहणारी सदस्य ‘सेंटर’ म्हणून ओळखली जाते. कुणाला किती सेकंद पडद्यावर मिळाले, याचा हिशेब चाहते ठेवतात आणि तो कमी वाटल्यास जाबही विचारतात.

‘गर्ल्स जनरेशन’ या नऊ मुलींच्या गटाच्या २००९ मधील ‘जी’ या व्हिडीओत सर्व जणी कपड्यांच्या दुकानातील पुतळ्यांच्या रूपात दिसतात आणि दुकान बंद झाल्यावर जिवंत होतात. गोड, निरागस मुली ही त्यांची प्रतिमा या व्हिडीओने दृढ केली. ‘ब्लॅकपिंक’ने २०१६ मध्ये पदार्पण करताना नेमकी उलट बाजू धरली. गुलाबी रंगाला काळ्याची जोड देणाऱ्या नावातूनच केवळ सुंदर दिसणे पुरेसे नाही, असा अर्थ सुचवण्यात आला. २०१८ मधील ‘दु-दु दु-दु’ या व्हिडीओत चमचमत्या रणगाड्यावर बसलेली जेनी दिसते. निरागसता असो वा आक्रमकता, दोन्ही गोष्टी कंपनीच्या बैठकीत निश्चित होतात, हे मात्र दोन्हीकडे समान आहे.

२०२२ मध्ये ‘न्यूजीन्स’ या पाच मुलींच्या गटाने आणखी वेगळी वाट निवडली. २२ जुलै रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता त्यांचा ‘अटेन्शन’ हा व्हिडीओ थेट प्रसिद्ध करण्यात आला. मैत्रिणींनी मिळून सहज चित्रीकरण केले असावे, अशी अनौपचारिकता त्यांच्या व्हिडीओंत जाणीवपूर्वक जपली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘डिटो’मध्ये शाळकरी मुली आणि जुन्या हँडीकॅमची धूसर दृश्ये होती. पदार्पणाच्या वेळी गटातील सर्वांत लहान मुलगी १४ वर्षांची होती.

या सहजतेमागील कराराचे वास्तव पुढे उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या मुलींनी कंपनीशी असलेला करार संपुष्टात आल्याचे जाहीर केले आणि २०२५ च्या प्रारंभी नवे नावही घेतले. मार्चमध्ये न्यायालयाने त्यांना स्वतंत्रपणे काम करण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोल येथील न्यायालयाने करार वैध असल्याचा निकाल दिला. पडद्यावर स्वच्छंद भासणाऱ्या मुलींना नाव बदलण्याचीही मोकळीक नव्हती.

भारतातील प्रयोग

भारतात हे प्रारूप २००२ मध्ये ‘चॅनेल व्ही’ वाहिनीवरील ‘पॉपस्टार्स’ या स्पर्धात्मक कार्यक्रमातून आले. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती होती. त्यातून ‘व्हिवा’ हा पाच मुलींचा गट निवडला गेला. निवडीची प्रक्रियाच दूरचित्रवाणीवर दाखवली गेल्याने पहिले गाणे येण्यापूर्वीच या मुलींचे चेहरे घरोघरी पोहोचले होते. मात्र चित्रपटसंगीताचा पगडा असलेल्या बाजारपेठेत हा गट काही वर्षांतच विसर्जित झाला. त्यातील नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा यांनी पुढे पार्श्वगायनात नाव मिळवले. म्हणजे चेहऱ्यामुळे परिचित झालेल्या मुलींना स्थैर्य दिले ते पुन्हा आवाजाने.

अलीकडे हे चित्र बदलत आहे. ओडिशातील राउरकेला येथील श्रेया लेंका २०२२ मध्ये ‘ब्लॅकस्वान’ या कोरियन गटात दाखल झाली. या गटाच्या २०२३ मधील ‘कर्मा’ या व्हिडीओचे चित्रीकरण ओडिशात झाले. अमेरिकेत घडलेल्या ‘कॅट्सआय’ या गटातील भारतीय वंशाची लारा राज अनेकदा कपाळावर टिकली लावून दिसते. २०२० मध्ये सेटवरील शोभेची वस्तू ठरलेली भारतीय प्रतीके आता त्यांच्याशी नाते असलेल्या मुलींसह व्हिडीओत येऊ लागली आहेत, हा बदल लक्षणीय आहे.

प्रेक्षकांचा हस्तक्षेप

प्रतिमा घडवण्याच्या या प्रक्रियेत प्रेक्षक पूर्वीसारखे मूक राहिलेले नाहीत. गणेशमूर्तीच्या प्रकरणानंतर तीन-चार महिन्यांतच, ऑक्टोबर २०२० मध्ये, ‘ब्लॅकपिंक’चा ‘लव्हसिक गर्ल्स’ हा व्हिडीओ वादात सापडला. त्यात जेनी हिने तोकडा, तंग परिचारिकेचा पोशाख आणि उंच टाचांचे लाल बूट घातले होते. करोना महासाथीत रुग्णालयांत राबणाऱ्या परिचारिकांची ही भोगवादी प्रतिमा असल्याचा आक्षेप दक्षिण कोरियातील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेने घेतला. कंपनीने प्रथम कलात्मक हेतूचे स्पष्टीकरण दिले. त्यानंतर ती दृश्ये वगळण्याचे जाहीर केले.

दोन्ही प्रसंगांत आक्षेपाची दखल घेतली गेली, ही समाधानाची बाब होय. तथापि, समाजमाध्यमांवरील नाराजीचा रोख अनेकदा निर्णय घेणाऱ्यांऐवजी पडद्यावर दिसणाऱ्या मुलीकडे वळतो. पोशाख कुणी निवडला, नेपथ्य कुणी उभारले आणि अंतिम संकलन कुणी मान्य केले, हे प्रश्न विचारल्यासच टीका योग्य ठिकाणी पोहोचते. आपल्या मुलींना पॉप संगीताची आवड असलेल्या पालकांसाठीही हे भान उपयोगाचे आहे. व्हिडीओतील सडपातळ देह, निर्दोष त्वचा आणि अखंड आत्मविश्वास हे त्या मुलींचे रोजचे जगणे नसून प्रकाशयोजना, रंगभूषा, संकलन आणि अनेक तासांचे श्रम यांचे ते फलित असते.

‘ब्लॅकपिंक’च्या चौघींनी डिसेंबर २०२३ मध्ये गट म्हणून जुन्या कंपनीशी करार कायम ठेवला. वैयक्तिक कामासाठी मात्र प्रत्येकीने वेगळी वाट धरली. जेनी, लिसा आणि जिसू यांनी स्वतःच्या कंपन्या स्थापन केल्या. जून २०२४ मध्ये, गणेशमूर्तीच्या वादाला बरोबर चार वर्षे झाली असताना, लिसाने आपल्या कंपनीतर्फे ‘रॉकस्टार’ हा व्हिडीओ प्रसिद्ध केला. लिसा मूळची थायलंडची. त्या व्हिडीओतील रस्ता बँकॉकच्या यावारात या गजबजलेल्या भागातील आहे. या वेळी तिच्या पाठीमागे तिच्याच देशातील दुकानांच्या पाट्या झळकत होत्या.